नेतृत्व शिकवता, पण करायचं कुठं?

मा. मंत्री,
क्रीडा व युवक कल्याण, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याला ग्रामीण युवकांसाठी नेतृत्व व जीवनकौशल्य शिबिर झाले. मागच्या फलकावर आपला फोटो होता, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे. वेळ दहाची होती, पाहुणे साडेबाराला आले. शाल, नारळ, सत्कार. मग पडद्यावर जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्ये दाखवली: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, ताणतणावाला तोंड देणे वगैरे. पाहुणे म्हणाले, नोकरी मागणारे नको, देणारे व्हा. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले म्हणून मी उभी राहिले. "सरकारी प्रशिक्षण संपलेल्यांचं पुढं काय?" एवढं विचारलं, तर हातातला माइक काढून घेतला. "ताई, विषयाला धरून बोला." संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'प्रभावी संवाद' असं छापलंय.

साहेब, विषय हाच होता. मी बी.ए. झालेली. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात लागले. वर्षाला १० लाख पोरं, साडेपाच हजार कोटींच्या आसपास तरतूद, असं तेव्हा पेपरात होतं. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. मुदत सहा महिने, ती नंतर अकरा झाली. आणि मग "उद्यापासून येऊ नका".

त्या काळात काय शिकले? झेरॉक्स, शिक्के, आणि लाडक्या बहिणींचे अर्ज भरणं. सर्व्हर रात्री चालायचा म्हणून अर्ज रात्री घरून भरायचे, स्वतःचा नेटपॅक मारून. विद्यावेतन कधी दोन-दोन महिने यायचं नाही. एसटीला अर्धं तिकीट लागतं, त्याबद्दल आभार. तेवढं एक वेळेवर मिळालं.

आता घरात काय चाललंय तेही ऐका. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, आमचं गेलं चार हजारानं, ओलं म्हणून त्यातही काट. वडील बोलत नाहीत. आई म्हणते, आता स्थळ बघू, किती दिवस ऑफिस-ऑफिस खेळणार. शेजारणी विचारतात, "सुटली का गं नोकरी?" ती नोकरी नव्हतीच हे त्यांना समजावायचं कसं? ताणतणावाला तोंड देणे या कौशल्यात मी बहुतेक पहिली येईन.

पण माझं जाऊ द्या. तुम्हाला गावातून नेतृत्व हवंय ना? मग ते घडायच्या जागा तुम्हीच बंद केल्यात. कॉलेजच्या निवडणुका १९९४ च्या कायद्यानं गेल्या. २०१६ च्या कायद्यात परत आणल्या, २०१९ ला जाहीर केल्या आणि पुढं ढकलल्या. मी तीन वर्षं कॉलेजात होते, वर्गप्रतिनिधी सरांनी नेमलेला पाहिला. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या घ्या. २०२२ पासून बहुतेक ठिकाणी प्रशासक बसवले, निवडणुका वर्षानुवर्षे लांबवल्या. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेतून वर आले. ते कोणत्या शिबिराला गेले होते?

राहिली ग्रामसभा. १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यात जो आकडा कमी असेल तेवढी माणसं सभेला लागतात. आमच्याकडं दवंडी न देता बोलावतात, माणसं नाहीत म्हणून तहकूब दाखवतात, कारण तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग चौघं बसून ठराव लिहितात, घरोघर सह्या घेतात. मी एकदा इतिवृत्त वाचायला मागितलं तर ग्रामसेवक वडिलांशी बोलले, "पोरीला आवरा." महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, साहेब. खुर्चीत वहिनी आणि फोनवर दादा, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्याच प्रचाराला दादा असतो.

नेत्याच्या पोराला जीवनकौशल्य शिकवावं लागत नाही. त्याला दूध संघ असतो, जिल्हा बँक असते, कारखान्याचं संचालकपद असतं. चुकला तरी कर्ज कारखान्याच्या नावावर. आम्ही चुकलो तर बापाच्या सातबाऱ्यावर बोजा. आमच्या वाट्याला सतरंज्या उचलणं, डीजेपुढं नाचणं आणि वाढदिवसाच्या फलकावर खाली कोपऱ्यात बोटाएवढा फोटो. युवा नेतृत्व म्हणतात ते हेच असेल तर आमच्या गावात ते गल्लोगल्ली आहे.

मागणं फार नाही. प्रशिक्षण झालेल्यांना पुढच्या कंत्राटी भरतीत अनुभवाचे गुण द्या. कॉलेजच्या निवडणुकांची तारीख सांगा. ग्रामसभेचं चित्रीकरण त्याच दिवशी लोकांना बघायला मिळू द्या. शिबिरं घ्या वाटल्यास, पण मंडप, जेवण, फलक यांचा खर्च दारावर लावा.

परवाच्या शिबिराचा खर्च मी माहितीच्या अधिकारात मागितलाय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील करणार आहे.

आपली,
एक माजी प्रशिक्षणार्थी, मराठवाडा