दोन अक्षरांवर अडलेलं बिल

संपादक महोदय,

मी कॅलिफोर्नियात डूला आहे. सुईण नव्हे, बाळंतिणीची सोबतीण. १ जानेवारी २०२३ पासून मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्याच्या इथल्या योजनेत, ही सेवा धरली गेली. पहिली भेट, पुढच्या आठ भेटी, प्रसूतीच्या वेळची सोबत, असं सगळं त्यात बसतं.

मध्यंतरी एका बाईची कंबर रात्रभर दाबत बसले. पहाटे बाळ आलं, मीही रडले. बिल मात्र विमा योजनेने दोनदा परत पाठवलं. सेवेच्या कोडपुढे ‘एक्सपी’ हा मॉडिफायर, म्हणजे जोडखूण, घालायचा राहिला होता. दोन अक्षरं! फोनवर ते कळायला पाऊण तास गेला, त्यातला निम्मा संगीत ऐकण्यात.

एनपीआय हा आरोग्यसेवा देणाऱ्याच्या ओळखीचा दहा आकडी नंबर फुकट मिळतो, तिथवर सोपं आहे. पण प्रत्येक योजनेशी करार वेगळा. मग बिलर, म्हणजे आमच्या वतीने बिलं भरणारा, शोधला, तर तो म्हणाला, पैसे माझ्याकडे येतील, त्यातले इतके टक्के माझे. पैसे अशा एजंटकडेच जमा होणार असतील तर मेडिकेडच्या केंद्रीय नियमानुसार त्याचा मोबदला टक्केवारीवर ठरवता येत नाही. हे मला नंतर कळलं, सही करण्याआधी, नशीब!

आपल्या वाचकांत मेडिकल बिलिंग करणाऱ्या बऱ्याच जणी असतील. कुणी आम्हा चार-पाच डूलांच्या शेजारी बसून पहिली तीन बिलं भरून दाखवेल का? फी देऊ, ठरलेली.

– एक मराठी डूला, कॅलिफोर्निया