रविवारची मांडवा फेरी : पावसातला समुद्र बघायला येणाऱ्यांसाठी

मंडळी, रविवारी भाऊच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला भेटायचंय, अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रोनेच (गाड्याही नेणारी मोठी बोट) जाणार आहोत कारण गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. फेरी तासाभराची आहे, आणि पहिला अर्धा भाग ठीकच, बंदराच्या आत पाणी तसं शांत असतं. खरी मजा कुलाब्याचं टोक मागे पडलं की! तिथे खुल्या समुद्रातून येणाऱ्या लाटा उजव्या बाजूने बोटीवर आदळतात, पाणी चहासारखं गढूळ, वारा इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पावसाची सर अंगावर यायच्या आधी पाण्यावरून पांढरी पांढरी चालत येताना दिसते. मला तर उन्हाळ्यातला निळा समुद्र याच्यापुढे काहीच वाटत नाही.

छत्री आणू नका, टिकणार नाही. रेनकोट आणा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, पोट रिकामं ठेवू नका आणि बोटीत मधोमध बसून लांब क्षितिजाकडे बघा, मोबाईलमध्ये अजिबात नाही.

डेकवर कठड्याला धरून उभं राहायचं, कठड्यावर चढायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. बोटीवरच्या लोकांनी आत जा म्हटलं की लगेच आत.

आणि बंदरावर ३ नंबरचा बावटा (वादळी हवामानाचा इशारा) लागला किंवा फेरी रद्द झाली तर आपणही जाणार नाही, शनिवारी रात्री इथेच मेसेज टाकेन. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं द्या.