डेथकोर ऐकायला मुंबई का गाठावी लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली २६ वर्षं मी इंदुरात गाणं शिकवते. मागच्या महिन्यात शनिवार-रविवार गाठून मुंबईला जाऊन आले, ते धाकट्या मुलाबरोबर एका परदेशी डेथकोर बँडचा, म्हणजे हेवी मेटल या रॉक संगीतातल्या एका जहाल प्रकाराचा, कार्यक्रम ऐकायला. मुलगा ड्रम वाजवतो. त्याच्या बँडमध्ये गाणारा मित्र आमच्या घरी जी गुरगुर करतो, ती ऐकून या पोराचा गळा लवकरच जाणार अशी मला धास्ती होती. म्हणून म्हटलं, एकदा समोर उभं राहून ऐकूच. रात्रभर अवंतिका एक्सप्रेसने प्रवास केला.

डेथ मेटल आणि मेटलकोर या मेटलच्याच दोन शैलींच्या मिश्रणातून २००० नंतरच्या दशकात हा प्रकार रुजला. सुइसाइड सायलेन्स, व्हाइटचॅपल ही त्यातली गाजलेली नावं. नावांनीच आपण दचकतो. पण ज्याला ही मंडळी ‘ब्रेकडाउन’ म्हणतात, तो मी त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकला. ड्रमची धावती लय अचानक निम्म्यावर येते, दोन आघातांमध्ये मोकळी जागा पडते आणि सगळं सभागृह पुढच्या आघाताची वाट पाहतं. हे आणि आपलं शास्त्रीय संगीत एकच आहे असं मी म्हणत नाही. पण इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल ज्या शहराने ऐकला, त्या शहराला संथ लयीतली ती वाट पाहणं परकं वाटू नये.

आता गळ्याचं. ही गुरगुर खऱ्या स्वरतंतूंवर ताण देऊन काढायची नसते. त्यांच्या वर दोन मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. त्या कंप पावतात आणि खालून पोटाचा श्वास आधार देतो. हे मुलाने मला आधी सांगितलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. तासभर गर्जना करून गायक दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलला, तेव्हा मी मुद्दाम कान दिला. आवाज स्वच्छ होता, कुठे घोगरेपणा नाही. शिक्षणाशिवाय हे होत नाही. मुलाचा तो गाणारा मित्र मात्र नुसता घसा खरडतो. हे त्याला शिकवणारं कुणी इथे नाही, कारण असे गायक इथे येतच नाहीत.

गर्दीचीही भीती होती. मधोमध पोरं एकमेकांना धडका देत गोल फिरत होती. एकाचा चष्मा पडला. लगेच सात-आठ जणांनी हात पसरून कडं केलं, कुणी मोबाइलचा दिवा धरला आणि चष्मा सापडेपर्यंत कुणी हललं नाही. मला एका मुलीने खांबापाशी नेलं, “काकू, इथे धक्का लागणार नाही.” सुइसाइड सायलेन्सचा गायक मिच लकर २०१२ मध्ये मोटारसायकल अपघातात गेला, तेव्हा इतर बँडांच्या गायकांनी त्याच्या छोट्या मुलीच्या शिक्षणासाठी कार्यक्रम केला होता, तेही मुलाने परतीच्या गाडीत सांगितलं.

एवढं सगळं लिहायचं कारण सांगते. गेल्या वर्षी मुलाच्या बँडने आपल्या शहरातलं एक सभागृह ठरवलं होतं. पोस्टर पाहताच व्यवस्थापकांनी बयाणा परत केला. ऐकून नकार दिला असता तर मला वाईट वाटलं नसतं. निकोटिनसारखा मेटल बँड ज्या इंदुरात उभा राहिला, तिथल्या पोरांनी आजही तिकिटापेक्षा जास्त पैसे रेल्वेभाड्यावर आणि लॉजवर घालवायचे?

सभागृहांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की मधल्या वारी रिकाम्या राहणाऱ्या संध्याकाळी या मुलांना द्या. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहेच, त्यांना ६ ला सुरू करायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ती मोजणारं यंत्र लावण्याची अट घाला. मुलं पाळतील. कार्यक्रमाच्या दिवशी दारात बसून प्रत्येकाला कानात घालायचे बोळे द्यायचं काम मी करीन.

आपली,
एक संगीतशिक्षिका, इंदूर