मॅडमच्या शोकसभेला आलेल्यांचे आभार

बालअतिदक्षता विभागाच्या आमच्या डॉक्टर मॅडम गेल्या. रोवणीचे दिवस असूनही झाडीपट्टीतल्या गावागावांतून माणसं आली. सतरंज्या अंथरणारी पोरं, सैपाक करणाऱ्या बाया, सगळ्यांचे आभार.

आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंचे तर विशेषच. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. मागे एकदा रात्री खाली झोपलेल्या माझ्या पुतणीला मण्यार चावली. ना सूज, ना ठणक, पहाटे नुसत्या पापण्या मिटू लागल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत १०८ मध्ये त्या बाईंनी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत तिचा श्वास चालू ठेवला. मॅडमनी शिकवलेलं हेच: सर्पविषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन द्या, अन् लेकरू निपचित पडलं तरी गेलं समजू नका, स्वतःचा श्वास येईस्तोवर श्वास देत राहा. अशा प्रत्येक लेकराच्या नोंदी मॅडम अभ्यासासाठी जपून ठेवत.

चालकदादा, रस्त्यात पडलेलं झाड ओढणारे वाटसरू, तुमचेही उपकार आहेत. पोरगी आता सातवीत आहे.