संहिताभंगाच्या बातमीत कलमही द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जाहीर झाली की ‘आचारसंहितेचा भंग, गुन्हा दाखल’ अशा मथळ्यांची रीघ लागते आणि आदर्श आचारसंहिता हा जणू स्वतंत्र फौजदारी कायदाच आहे, असा वाचकाचा समज होतो. केरळमध्ये १९६० च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी राजकीय पक्षांच्या सहमतीतून आकाराला आलेली ही संहिता आजही संसदेने संमत केलेला कायदा नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो तो भारतीय न्याय संहितेच्या, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या किंवा अन्य एखाद्या कायद्याच्या कलमाखाली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेतली, तर लागू होते ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६. निव्वळ आचारसंहिता मोडली असेल, तर निवडणूक आयोग नोटीस काढतो, ताकीद देतो, काही काळ प्रचारास मनाई करतो. १९६८ च्या निवडणूक चिन्हविषयक आदेशानुसार पक्षाची मान्यता निलंबित करण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकारही त्याच्यापाशी आहे, पण तुरुंगवास देण्याचा नाही.

या संहितेला कायद्याचे बळ द्यावे, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये केली होती. निवडणूक काही आठवड्यांत उरकते आणि न्यायालयीन प्रक्रिया त्याहून कितीतरी लांबते, या कारणास्तव आयोग त्याला अनुकूल नव्हता. मला आयोगाचे म्हणणे पटते. परंतु खटल्याचा धाक नसलेली संहिता लोकमताच्या धाकावरच तगते, आणि ते लोकमत अर्धवट बातमीवर तयार होऊ नये.

व्यावसायिक आचारसंहितांबाबत निदान रचना तरी स्पष्ट आहे. वकिलाने व्यावसायिक गैरवर्तन केले, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती त्याची बाजू ऐकून त्याला समज देऊ शकते, त्याची सनद निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. त्यावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. (वृत्तपत्रांच्या वर्तनाबाबत प्रेस कौन्सिल मात्र ताकीद देण्यापलीकडे किंवा निषेध नोंदवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही, हे आपणांस सांगायला नकोच.)

माझा खरा आक्षेप तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याची बातमी ‘समाजाचे नियम मोडल्याने बहिष्कार’ अशा शब्दांत छापली जाते. या ‘नियमां’ची लिखित प्रत नसते, आरोप करणारे आणि निवाडा देणारे तेच असतात आणि दाद मागायला वरची पायरी नसते. बहिष्कृत करण्यास मनाई करणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करायला २०१६ साल उजाडले. त्यानुसार बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आरोपी पंचायत चालवणारे आहेत, तरी मथळ्यात नियमभंगाचा ठपका येतो पीडित कुटुंबावर. निवडणुकीच्या बातमीत जो स्वतंत्र गुन्हा नाही त्याला गुन्हा म्हटले जाते आणि इथे जो उघड गुन्हा आहे त्याला समाजाच्या शिस्तीचा मुलामा मिळतो.

म्हणून विनंती अशी की, संहिता किंवा नियम मोडल्याच्या प्रत्येक बातमीत तो नियम कोणी केला, कारवाई कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली झाली आणि त्याविरुद्ध अपील कोठे करता येते, हे नमूद करावे. बहिष्काराच्या बातमीत तर २०१६ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला की नाही, आणि नसल्यास पोलिसांनी त्याचे काय कारण दिले, हे पहिल्याच परिच्छेदात यावे.

आपला,
एक नियमित वाचक