शकू, ती ओळ पाठव

कोजागिरीनंतरचा रविवार, रात्री साडेदहा

प्रिय शकू,

दिवाळी तोंडावर आली तरी माझं पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात मला शिव्या घालत असशील. घाल. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे मला बाजारात तुझ्या चुलतजावेकडून कळलं. तेव्हापासून रोज म्हणते आज लिहीन. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, यांची साखर गोळ्यांवर आहे, सोयाबीन निघालं पण भाव नाही. झालं घरचं.

आता ज्यासाठी बसले ते. कोजागिरीच्या दिवशी अंगणवाडीत मी पाळणा म्हटला आणि एक लेकुरवाळी सून भर गाण्यात उठून गेली. त्या दिवसापासून तिनं पोरीला पाठवलं नाही.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील अर्धवट सांगते. आमच्याकडे लेकरं येतात ती मोबाईलवरची गाणी ऐकून ऐकून. जेवतात मोबाईलसमोर, झोपतात मोबाईलसमोर. गाणी त्यांना खूप ठाऊक आहेत, पण म्हणत नाहीत गं. तोंड उघडं, हात गप्प. मला ते बघवेना. प्रशिक्षणात सांगतात, सातव्या महिन्यात पोटातलं बाळ आईचा आवाज ऐकतं. मग बाहेर आल्यावर त्यानं आवाज ऐकायचा तो फक्त डब्यातला का? म्हणून यंदा मी भाद्रपद पौर्णिमेला अंगणवाडीतच आपली भुलाबाई मांडली, कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींनी गाणी म्हणायची ती. कुंभाराकडून शंकर-पार्वतीची जोडी आणली आणि आठवड्यातून एक दिवस आज्या, आया, दीड-दोन वर्षांची पिल्लं सगळ्यांना बोलावलं. टिपऱ्या मी घरून नेल्या. बाबांची खंजिरीही नेली, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला ते वाजवायचे ती. पावसानं तिचं कातडं इतकं ढिलं पडलं होतं की वाजवली तर पोत्यावर थाप मारल्यासारखा आवाज. चुलीवर जरा दुरून धरून शेकली, बोटानं टिचकी मारत मारत, तेव्हा कुठे बोलायला लागली.

शकू, तू हवी होतीस. भुलाबाईची गाणी लहान लेकरांसाठीच झाली आहेत हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. एका ओळीचं शेपूट पुढच्या ओळीनं धरायचं, पुढचीचं तिच्या पुढचीनं. अडीच वर्षांच्या पोराला सगळी ओळ येत नाही, पण शेपूट येतं. शेपटावर तो बरोबर हजर! आणि खाऊ ओळखायचा खेळ आठवतो का? स्टीलच्या डब्यात फुटाणे घातले की कसे टणटण वाजतात, मुरमुरे घातले की कसे खसखस करतात, आणि लाडू घातला की नुसता ढब ढब. दुसऱ्याच आठवड्यात लेकरं डोळे मिटून डब्याला कान लावायला लागली. आपल्या लहानपणी काकू मुद्दाम डब्यात फडकं कोंबून आणायच्या, आवाजच होऊ नये म्हणून. मी केलं तसं, तर पोट्टे रडायला लागले.

शेवटच्या दिवशी पाच धांडे बांधायचे, तर गावात ज्वारी नाही! जिकडे तिकडे सोयाबीन आणि पऱ्हाटी. यांना पलीकडच्या गावी गाडीवर पाठवलं. कणसासकट पाच धांडे आणले तेव्हा लेकरं विचारत होती, हे कोणतं झाड.

तर त्या दिवशी म्हाताऱ्या म्हणाल्या, आता पाळणा होऊ दे. भुलाबाईला गाण्यात लेकरू होतंच. मी सुरू केला. पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, असं करत बाराव्या दिवसापर्यंत. आणि तो लेकच, शकू. पोट्ट्यांना तान्हा पोळा आहे, लाकडाचे बैल आहेत, म्हणायला पोळ्याच्या झडत्या आहेत, घरोघरी मिळणारा खाऊ-पैशांचा बोजारा आहे. पोरींना वर्षाकाठी एक भुलाबाई, सगळा महिना पोरींचा, आणि त्यांच्या तोंडून आपण पाळण्यात घालतो तो मुलगा. इतकी वर्षं मी हे म्हणत आले आणि एकदाही अडखळले नाही.

ती सून मांडीवरची धाकटी खांद्याला लावून उठली. मी दारापर्यंत मागे गेले. हळूच म्हणाली, “काकू, माह्या दोनी पोरीच हायेत. दोघीच्याबी बारशात बायाइनं पाळणा म्हटला नाही. आता मी कोनासाठी म्हनू?” ओरडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

बुधवारी तिच्या घरी गेले. सासू दारातच म्हणाली, पोरीले सर्दी हाय. आत बघते तर थोरली डबा हलवते आहे आणि धाकटी त्याला कान लावून बसली आहे.

म्हाताऱ्यांना विचारलं, पाळण्यात लेकीचं नाव घालू का? तर देवाचं गाणं आहे, बदलू नये म्हणतात. हे म्हणतात, तू कशाला मनाला लावून घेतेस, येईल आपोआप. देवाचं गाणं बदलत नाही म्हणे! तुझ्या मामाच्या गावचं कडवं आधी की आपल्या गावचं, यावरून आपण दोन दिवस विहिरीवर एकमेकींशी बोललो नव्हतो. दर गावात वेगळं, दर आळीत वेगळं. ज्या घरी गायचं त्या घरच्या वहिनीचं नाव आपण बेधडक घालायचो. (आणि कडवं आपल्या गावचंच आधी, हे मी आजही सांगते.)

पण मला खरं जागं ठेवतं ते वेगळंच आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. तुझ्या धाकट्या बहिणीचं बारसं. चौथी पोर. तुझी आजी म्हणाली, घुगऱ्या वाटा न् मोकळे व्हा. बायांनी वरवंट्याला कुंची घातली, पाळण्याच्या खालून वरून फिरवला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, किती हौसेनं! दगडाला गोविंद म्हणायला सगळ्यांचे गळे मोकळे होते. मग पोरीला ठेवलं आणि सगळ्याजणी चहाला बसल्या. तू दहा वर्षांची, उसवलेल्या झालरीचा फ्रॉक, पाळण्याची दोरी धरलीस आणि एकटीनं पाळणा सुरू केलास, धाकटीचं नाव घालून. पहिला दिवस झाला, दुसरा झाला, पाचवीला सटवाई आली. आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चालीत नाही बसत व शकू.” बाया हसल्या. तू दोरी सोडलीस.

पोळ्यापर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मग बोललीस, आणि हा विषय आपण दोघींनीही कधी काढला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली.

शकू, बसतं गं चालीत. चार रात्री भाकरीचं पीठ मळता मळता म्हणून पाहिलं. गोविंदचा ‘गो’ लांब आहे म्हणून तो पहिल्या ठोक्यावर बसतो. धाकटीच्या नावाचं पहिलं अक्षर ऱ्हस्व, तर अर्धा ठोका थांबून उचलायचं आणि शेवटचा ‘आ’ झोक्याबरोबर सोडून द्यायचा. जमतं, आणि ऐकायला जास्त गोड लागतं. तू तेव्हा तसंच म्हणत होतीस. मला क्षमा कर.

पुढच्या मंगळवारी मी त्या सुनेच्या घरीच जाणार आहे, खंजिरी घेऊन. अंगणवाडीत बोलवणार नाही, तिच्या ओसरीवर बसणार. दोघी पोरींच्या नावानं दोन पाळणे. सासू काय म्हणायचं ते म्हणो. पहिले चार दिवस माझे तयार आहेत. पाचवीला अडले आहे. सटवाई त्या रात्री कपाळावर लिहिते, तर तू धाकटीच्या कपाळी तिच्याकडून काय लिहून घेणार होतीस? तिथंच मी तुला थांबवलं. ती ओळ तुझ्यापाशीच आहे. आठवत नसेल तर नवी कर, पण तूच कर.

फोनवर सांगू नकोस, मला रडू येईल. लिहून पाठव. डोळा दुखत असेल तर नातवाकडून लिहून घे. थेंब वेळेवर टाकते आहेस ना? जावयाची बदली झाली का? नवीन घराच्या गच्चीतून पाणी गळतं म्हणत होतीस, त्याचं काय झालं ते कळव. दिवाळीला येणार असशील तर आधी सांग, तुझ्यासाठी धांड्यांची कणसं ठेवली आहेत.

तुझीच,
बेबी

ता. क. तुमचं घर विकलं तेव्हा पाटा भंगारवाल्यानं नेला. वरवंटा मी उचलून आणला होता. माझ्याकडेच आहे.