आते, तुझा मफलर अजून आमच्याकडेच आहे

प्रिय आते,

तुला मराठी वाचता येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. मनापासून आभार मानायचे तर मला दुसरी भाषा पुरत नाही. तुला मी वाचून दाखवीनच. बाकी वेलिंग्टनमधल्या आपल्या बायकांनीही वाचावं, म्हणून उघडं पत्र. वॉर्डातल्या फिलिपिनो मुली तुला ‘आते’ म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. लेकीने ते ऐकून पहिल्याच दिवशी तुला आत्या करून टाकलं.

२५ जुलै २०२३. बायकांच्या फुटबॉल वर्ल्ड कपमधला न्यूझीलंड विरुद्ध फिलिपिन्स सामना, इथेच वेलिंग्टनला. तुझ्याकडच्या दोघी तापाने झोपल्या आणि त्यांची तिकिटं तू आम्हाला दिलीस. पैसे घेतले नाहीसच, वर माझी पाळीही कुणाशी तरी बदलून दिलीस. लेक गालावर न्यूझीलंडचा झेंडा रंगवून आली होती आणि तू तिला बसवलंस ती थेट फिलिपिनो घोळक्यात! त्या केक टिनमध्ये, म्हणजे आपल्या स्टेडियममध्ये, जुलैचं वारं कसं घुसतं ते सांगायला नको. तू गळ्यातला निळा मफलर काढून तिला गुंडाळलास.

चोविसाव्या मिनिटाला सारा एगेसविकचा क्रॉस आला, सरिना बोल्डनने उंच उडी मारून डोकं लावलं. गोलकीपरचे हात लागले, पण बॉल आत. वर्ल्ड कपमधला फिलिपिन्सचा पहिलावहिला गोल. तू आधी किंचाळलीस, मग रडलीस, मग डोळे पुसत लेकीला म्हणालीस, “गोल मारणारी कॅलिफोर्नियात जन्मली, पास देणारी नॉर्वेत. दोघी आमच्याच.”

शाळेत तिला ‘तू खरी कुठली?’ विचारतात. पुण्यात गेलं की लाडाने का होईना, ‘आमची फॉरेनची पाहुणी’. ‘तू दोन्हीकडची’ हे माझं उत्तर तिला कधी पटलं नाही; खरं सांगायचं तर मलाही ते गुळमुळीतच वाटायचं. तू उत्तर दिलंच नाहीस, मैदानाकडे बोट दाखवलंस.

“मग मी इंडियाकडून खेळू शकते?” हे ती विचारणारच होती. तुमच्याकडे आई किंवा वडील फिलिपिनो नागरिक असले की मूल जन्मतःच नागरिक, मग ते जन्मलेलं कुठेही असो. आमच्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर आजीकडे हवं तितकं राहता येतं, भारताची जर्सी घालता येत नाही. त्यासाठी इथला पासपोर्ट सोडावा लागेल. मी हे सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. तू तिची समजूत काढत बसली नाहीस. “मराठीत ओरडतात कसं, ते शिकव,” म्हणालीस. तिने शिकवलं: “हाण!” मग सगळा घोळका ‘पिलिपिनास’ करतोय आणि मधेच तुझं ‘हाण!’

उत्तरार्धात न्यूझीलंडच्या जॅकी हँडचा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, ऑफसाइड ठरवला. लेक आनंदाने उडाली होती, ती तुझ्याकडे बघत अर्ध्यातच थांबली. “ओरड की, तोही तुझाच संघ आहे,” असं तू म्हणालीस, आणि तेही स्वतःचा श्वास अडकलेला असताना. अगदी शेवटी तुमची गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने गोलात जाणारा बॉल अडवला तेव्हा माझ्या मनगटात तुझी नखं रुतली होती. १-० जिंकलात.

बाहेर पडताना तू सहज बोलून गेलीस, की या वर्ल्ड कपचं तिकीट फिलिपिन्सच्या संघाने ‘बलेवादी’त काढलं. मला कळायला क्षणभर लागला. बालेवाडी! ३० जानेवारी २०२२, आशिया चषक, चायनीज तैपेईविरुद्ध पेनल्टी शूटआउट, आणि शेवटची किक याच बोल्डनची. कोविडमुळे भारताला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं, एवढंच मला आठवत होतं. पुढचं मी बघितलंही नव्हतं. “म्हणजे मामाच्या घराजवळ!” लेक रस्त्यातच ओरडली. तेव्हापासून कुणी ‘कुठली’ विचारलं, की ती आधी बालेवाडीची गोष्ट सांगते. समोरचा कंटाळेपर्यंत.

मफलर धुऊन ठेवलाय, पण सामन्याच्या दिवशी ती तो बॅगेत घालूनच निघते. तुला हवा असेल तर तूच येऊन माग. माझं ती ऐकत नाही.

तुझी,
रात्रपाळीतली मैत्रीण